झुंजार की निमिष

गाडी घ्यायची तर आधी दोन गाड्या एकमेकींशी घासून बघायच्या, हा राजगोंडा मगदूमांचा तीस वर्षांचा नियम होता. जाहिरातींवर त्यांचा विश्वास नव्हता, मित्रांच्या सल्ल्यावर तर मुळीच नव्हता. रस्ता एक, चालक एक, दिवस एक आणि गाड्या दोन. जी सरस ठरेल ती दारात. जयसिंगपुरातल्या त्यांच्या मशीन शॉपमध्ये नवा माणूस घ्यायचा असला तरी दोघांना एकच पार्ट करायला देऊन मगच ते ठरवत. "लग्नाच्या वेळी पण असंच केलंत का?" असं कुणी चिडवलं, की उत्तर सुचेता देई. "केलं की. दोन मुली बघितल्या. दुसरीला गाडी लागायची."

उत्तर थट्टेचं असलं तरी अगदीच खोटं नव्हतं. लग्नानंतर पंधरा वर्षं दोघांनी मिळून रॅली मारल्या होत्या. राजगोंडा गाडी चालवत आणि सुचेता डावीकडच्या सीटवर, मांडीवर वही घेऊन, पुढचा रस्ता वाचून सांगे. तिचं माहेर चिकोडीकडचं, त्यामुळे वही अर्धी कानडी. 'एड' म्हणजे डावीकडे, 'बल' म्हणजे उजवीकडे, आणि वळण किती आवळ आहे त्याचा आकडा. घाटात शंभरच्या वेगानं जाताना राजगोंडांनी प्रत्येक वळण डोळ्यांनी बघायच्या आधी कानांनी ऐकलेलं असे. रॅली सुटून वीस वर्षं झाली, पण सवय काही सुटली नाही. भाजीला निघाले तरी सुचेता शेजारून पुटपुटायची, "बल, टेम्पो. एड, सायकल." मुलगा श्रेणिक वैतागून म्हणायचा, "आई, बाजारात चाललोय आपण."

गेल्या दोन वर्षांत हे पुटपुटणं फारच वाढलं होतं. त्याचं कारण एकट्या सुचेताला माहीत होतं.

एका लग्नात राजगोंडा डावीकडच्या खुर्चीला धडकले आणि "ही मध्येच कुणी ठेवली?" म्हणून मांडववाल्यावर तडकले, तेव्हा तिला पहिल्यांदा शंका आली. पुढच्याच महिन्यात सांगली रस्त्यावर डावीकडून आलेली सायकल त्यांना दिसलीच नाही. ती ओरडली म्हणून ब्रेक लागला. गेल्या दिवाळीत स्वतःच्या चष्म्याचा नंबर बघायला ती मिरजेला गेली तेव्हा तिनं डॉक्टरांना हे सगळं सांगून टाकलं.

"काचबिंदू असावा," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यातला दाब नस खात जातो, कडेकडून आत. माणसाला तिथं काळं वगैरे काही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं चित्र ओढून भोक बुजवून टाकतो. समोरचं स्वच्छ दिसतं, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, म्हणून माणूस म्हणतो माझे डोळे ठणठणीत आहेत. गेलं ते परत येत नाही. उरलेलं औषधाच्या थेंबांनी राखता येतं. लवकर घेऊन या त्यांना."

"आणतो," सुचेता म्हणाली होती. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायकांसारखी तीही स्वतःला 'येतो', 'जातो', 'आणतो'च म्हणे.

तिनं आणलं मात्र नाही. संक्रांत झाली, मार्च उजाडला, आणि एकसष्ट वर्षांच्या राजगोंडांनी आयुष्यातली शेवटची मस्तीची गाडी घ्यायचं ठरवलं.

२०३९ साली अशी गाडी शोरूममधून उचलून आणता येत नसे. चारशे अश्वशक्तीच्या वरची गाडी घ्यायची तर गिऱ्हाइकानं बंद ट्रॅकवर चाचणी द्यायची, असा कायदाच झाला होता. ओळख व्हावी म्हणून पहिली फेरी सोबत्याला घेऊन मारायला परवानगी होती. दुसरी फेरी एकट्यानं मारायची. चालकाच्या अंगावर पट्ट्या लावून त्याचा आलेख काढायचा आणि तो पास झाला तरच किल्ली मिळायची. कागलच्या पुढे महामार्गापासून आत असा एक ट्रॅक होता. राजगोंडांना हा कायदा मनापासून आवडला होता. आपला नियम शेवटी सरकारलाही पटला, असं ते चारचौघांत सांगत.

ट्रॅकवर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. झुंजार लाल, उसाच्या इथेनॉलवर चालणारी, सहा गिअरची, हातानं गिअर टाकायची. स्टीअरिंग जड आणि सरळ चाकाला जोडलेलं. निमिष निळी, विजेची, आवाज जवळजवळ नाहीच.

"झुंजार तुम्ही कराल तेवढंच करते, सर," चाचणी घेणाऱ्या इंजिनिअर शबाना मुल्लाणी म्हणाल्या. पन्नाशीच्या, केसांना मेंदी लावलेल्या, बोलायला मोकळ्या. "निमिषचं वेगळं आहे. तुमचा हात हलायच्या आधी मेंदूत त्याची तयारी सुरू होते. अर्धा सेकंद आधी म्हणा. मग मनगटाच्या स्नायूत बारीक वीज खेळते आणि त्यानंतर हात हलतो. हेल्मेटमधली जाळी आणि हातावरच्या पट्ट्या ती तयारी वाचतात, आणि डोळा कुठं वळतो तेही हेल्मेट टिपतं. तुमचा हात फिरेपर्यंत गाडीची चाकं, ब्रेक, सस्पेन्शन सगळं तयार असतं. एकशेसाठला गाडी सेकंदाला चव्वेचाळीस मीटर जाते. दहावा हिस्सा सेकंद वाचला तर साडेचार मीटर वाचले."

"म्हणजे मनकवडी हाय म्हणा की."

"मनकवडी नाही, सर. तुम्ही काही ठरवलंच नाही तर ती काहीच करत नाही. तिला रस्त्याचं काही कळत नाही, फक्त तुमचं कळतं."

सुचेतानं निमिषच्या डावीकडच्या सीटकडे पाहिलं. एकट्यानं मारायच्या फेरीचं तिला इथं आल्यावर कळलं होतं. राजगोंडांनी घरी ते सांगितलंच नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

ट्रॅकवर आणखी एक भानगड होती, ती म्हणजे डुक्कर. रानडुकराच्या आकाराचा स्पंजचा काळा ठोकळा रुळावरून एकदम रस्त्यात येई. डावीकडून येईल की उजवीकडून, कोणत्या वळणावर येईल, ते चालकाला आधी सांगत नसत. सगळे कामगार त्याला डुक्करच म्हणत.

पहिली फेरी झुंजारची. सुचेता हेल्मेट घालून शेजारी बसली. तिनं पाहिलेला ट्रॅकचा नकाशा तिच्या डोक्यात पक्का बसला होता. "एड तीन. सरळ. बल पाच, आवळ." गाडी खडखडत, गुरगुरत गेली. डुक्कर उजवीकडून आलं. राजगोंडांनी ते स्वतःच बघितलं आणि सफाईनं चुकवलं. मग निमिषची फेरी. "बल दोन. एड चार," आणि सातव्या वळणाशी, "एड, डुक्कर!" तिचा शब्द संपेपर्यंत गाडी सरकून बाजूलाही झाली होती. सुचेताच्या तोंडून नकळत "वा!" निघालं. इतकी वर्षं तिचा शब्द आणि चाक यांच्यामध्ये थोडं अंतर असायचं, ते आज उरलं नव्हतं. तिला पस्तीस वर्षांची असल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

शबानाबाई पडद्यासमोर डोकं खाजवत बसल्या होत्या. "सर, हे जरा विचित्र आहे. उजव्या वळणांना तुमचा डोळा आधी तिकडं जातो, मग मेंदूची तयारी होते. सगळ्यांचं असंच असतं. डाव्या वळणांना उलटं आहे. तयारी आधी, डोळा नंतर. आणि डुकराच्या वेळी तर डोळा तिकडं गेलाच नाही. न बघता चुकवलंत तुम्ही ते."

"अनुभव हो, बाई!" राजगोंडांनी मांडीवर थाप मारली. "अठ्ठावीस रॅली मारल्यात. बघायला कशाला पाहिजे?"

गाडीत माणसांचं बोलणं टिपायला खाजगीपणाच्या कायद्यानं बंदी होती, त्यामुळे सुचेताचा आवाज यंत्राच्या हिशेबात कुठेच नव्हता. शबानाबाईंनी पट्टी सैल असेल असं म्हणून ती बदलली. बोलायची हीच वेळ होती. सुचेतानं तोंड उघडलं आणि म्हणाली, "अहो, पाणी घ्या."

एकट्यानं मारायची फेरी आधी झुंजारची होती. सुचेता भिंतीजवळ उभी राहिली. लाल गाडी लांबच्या सरळ रस्त्यावरून येताना तिला दिसत होती आणि तिचे ओठ आपोआप हलत होते. चौथ्या वळणावर डावीकडून डुक्कर निघालं. "एड," ती म्हणाली, इतक्या लांबून, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. स्पंजचा ठोकळा बॉनेटवर आपटून हवेत उडाला आणि दोन तुकडे होऊन गवतात पडला.

राजगोंडा परतले ते लालबुंद होऊन. "मध्येच काय सोडताय? दिसणार कसं माणसाला?"

"सकाळसारखंच सोडलं, सर. सत्तर मीटर आधी. तुम्ही ब्रेकला पायच लावला नाही."

"पायाचं काय घेऊन बसलाय? स्टीअरिंग बघा किती जड हाय ते. इंजिनाच्या आवाजात काही सुचत न्हाई." मग ते सुचेताकडे वळले. राग गेला होता, डोळे चमकत होते. "बघितलंस? म्हणून मी म्हणतो, दोन गाड्या घासून बघाव्यात. सकाळी निमिषनं असलंच डुक्कर मला कळायच्या आधी चुकवलं आणि झुंजारनं ठोकलं. फरक डोळ्यापुढं आला. आपण निमिष घेऊया. आणा ओ बाई ती, एकट्याची फेरी मारून टाकतो. ह्या वेळी एकशेसाठला."

तीस वर्षांत त्यांचा नियम पहिल्यांदाच चुकला होता. रस्ता एक होता, चालक एक होता, दिवसही एकच होता. शेजारची सीट मात्र त्यांनी कधी मोजलीच नव्हती, कारण ती कधी रिकामी नसायचीच.

निमिष आवाज न करता भिंतीशी येऊन थांबली. राजगोंडांनी हेल्मेट उचललं. सुचेतानं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"फरक गाडीचा न्हाई," ती म्हणाली. "ह्या फेरीत मी नव्हतो."

"म्हणजे?"

"तुम्हाला डावीकडचं दिसत न्हाई. दोन वर्षं झाली. मी सांगतो म्हणून तुम्ही वळताय."

राजगोंडा हसले. मग शबानाबाईंकडे बघून हसले, पण त्या हसत नव्हत्या. त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या होत्या आणि सकाळचा आलेख बोटानं मागे सरकवत होत्या.

"काहीतरीच काय बोलतीस. गेल्या वर्षी तक्ता वाचलाय मी. शेवटची ओळ वाचलीय."

"तक्ता समोर असतोय."

राजगोंडा चिडले की आवाज चढवत. फार चिडले की आवाज खाली येई. आता तो खाली आला. "ठीक हाय. तपासूया. हीच गाडी. तू शेजारी बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा न्हाई. बाई, डुक्कर तुम्हाला पाहिजे तिथनं सोडा."

"साठच्या वर नाही जायचं, सर," शबानाबाई म्हणाल्या. "ते मी इथून बांधून ठेवते."

सुचेतानं आयुष्यात अनेक अवघड फेऱ्या काढल्या होत्या. एकदा धुक्यात, एकदा काच फुटलेल्या गाडीत. गप्प बसून काढलेली ही पहिलीच. साठचा वेग म्हणजे या ट्रॅकवर चालल्यासारखाच, पण तिचे दोन्ही हात सीटच्या कडेला आवळले गेले होते. पहिलं वळण डावं होतं. राजगोंडांनी ते उशिरा घेतलं, चाक कडेच्या पट्ट्यावरून खडखडलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दुसरं, तिसरं उजवं, नीट गेलं. सहाव्या वळणाच्या अलीकडे डावीकडच्या गवतातून काळा ठोकळा हलला. तो तिला दिसला, अगदी स्वच्छ दिसला. शब्द ओठांपर्यंत आला आणि तिनं खालचा ओठ दातांखाली धरला. गाडी सरळ जात राहिली. निमिष इतकी हुशार गाडी, तीही सरळ जात राहिली, कारण तिच्या चालकानं काहीच ठरवलं नव्हतं.

धप्प आवाज झाला. राजगोंडांनी मग ब्रेक लावला. ठोकळा काचेवरून घसरून बॉनेटवर पडला.

त्यांनी गाडी बंद केली. मग मान पूर्ण डावीकडे वळवून त्यांनी सुचेताकडे बघितलं. तिच्या ओठातून रक्त आलं होतं.

"कारखान्यात माप घ्यायचं एखादं गेज चुकीचं निघालं," ते सावकाश म्हणाले, "की आम्ही पहिल्यांदा एकच विचारतो. शेवटचं बरोबर कधी होतं? तिथनं पुढं गेलेला सगळा माल परत मागवायचा. सांग."

तिनं सांगितलं. लग्नातली खुर्ची, सायकल, दिवाळीत मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं एकूण एक वाक्य. त्यातलं 'गेलं ते परत येत नाही' हे वाक्य तिनं गाळलं नाही.

"दिवाळीत म्हणजे पाच महिने झाले. ह्या पाच महिन्यांत किती गेलं असेल?"

"माहीत न्हाई."

"का गप्प बसलीस? मी मोडून पडेन म्हणून?"

आधी तिनं स्वतःलाही हेच सांगितलं होतं. आता ते तिच्या तोंडून निघेना. "तुमच्यासाठी न्हाई," ती म्हणाली. "मला बरं वाटत होतं. रॅली सुटल्यावर मी घरात नुसता स्वयंपाक करत होतो. तुम्हाला माझी गरज लागायला लागली आणि मला परत गाडीत बसल्यासारखं वाटलं. डॉक्टरकडं गेलो असतो तर तुमची गाडी सुटली असती आणि माझी पण."

राजगोंडा बोटांवर काहीतरी मोजत होते. ते काय मोजतायत हे सुचेताला कळलं. दर शनिवारी ते सहा वर्षांच्या नातीला, चंदनाला, पोहायला सांगलीला नेत. दर शनिवारी सुचेता काहीतरी निमित्त काढून बरोबर जाई.

"जानेवारीत तुला ताप होता," ते म्हणाले. "एक शनिवार आम्ही दोघंच गेलो."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो. उठून थांबवावं असं वाटत होतं. पण मग सगळं सांगायला लागलं असतं. तुम्ही परत येईपर्यंत मी देवासमोर बसून होतो."

"माझ्या डोळ्यांचं मी बघून घेतो," राजगोंडा म्हणाले. "पण तू पोरीला पाठवलंस, सुचेता."

शबानाबाईंची माणसं येऊन ठोकळा उचलून घेऊन गेली. राजगोंडांनी गाडी पुन्हा सुरू केली आणि वीसच्या वेगानं भिंतीकडे आणली. प्रत्येक डाव्या वळणाला ते मान खांद्यापर्यंत वळवून बघत होते.

ऑफिसात फॉर्म भरायचा होता. कोणती गाडी पसंत, कोणती नापसंत, कारण काय. राजगोंडांनी खिशातलं पेन काढलं आणि माल तपासताना लिहीत तशा ठळक अक्षरांत लिहिलं, "दोन्ही गाड्या पास. चालक रिजेक्ट." शबानाबाईंनी ते वाचलं आणि आलेखाचा कागद लिफाफ्यात घालून दिला. "हा डॉक्टरांना दाखवा, सर. कुठवर दिसतं आणि कुठून दिसत नाही ते यात आलंय. त्यांचं काम सोपं होईल."

"अजून बरंच दिसतंय म्हणायचं का?"

"समोरचं सगळं, सर. उजवीकडचं सगळं. राखलंत तर राहील."

पार्किंगमध्ये त्यांची जुनी गाडी उन्हात तापली होती. राजगोंडांनी किल्ली सुचेताकडे दिली, पण दार उघडून आत बसले नाहीत. टपावर कोपर टेकून त्यांनी श्रेणिकला फोन लावला. सुचेता गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण आवाज ऐकू येत होता.

"श्रेणिक, गाडी घेतली न्हाई. ऐक. ह्या शनिवारपासून चंदनाला मी न्यायचा न्हाई... न्हाई, रागावून न्हाई. डोळ्याचं काहीतरी निघालंय. आता सरळ मिरजेला चाललोय." पलीकडून श्रेणिकनं काहीतरी विचारलं असावं. "कधीपासून ते काय माहीत, बाबा. आजच कळलं आम्हाला."

'आम्हाला' हा शब्द सुचेतानं ऐकला. जानेवारीतला तो शनिवार राजगोंडांनी त्या एका शब्दानं झाकून टाकला होता, आणि ती गप्प बसली असती तर तो कायमचा झाकला गेला असता. श्रेणिकच्या बायकोनं तिला पूर्वीसारखंच आई म्हटलं असतं. चंदनाला तिच्या मांडीवरून कुणी उचलून नेलं नसतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेवढं तिला चांगलं जमत होतं.

ती गाडीला वळसा घालून आली आणि तिनं हात पुढे केला. राजगोंडांनी मान हलवून नको म्हटलं. तिनं हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी फोन दिला.

"श्रेणिक, आज न्हाई कळलं," ती म्हणाली. "मला दोन वर्षांपूर्वीच कळलंय. आणि जानेवारीत, मला ताप होता त्या शनिवारी, माहीत असून मी चंदनाला ह्यांच्याबरोबर एकटीला पाठवलं."

राजगोंडांनी फोन परत मागितला नाही. मुलगा काय म्हणतो ते ऐकायला सुचेता फोन कानाशी धरून उन्हात तशीच उभी राहिली.